मनू, सही करायच्या आधी हे वाच

प्रिय मनू,

काल फोनवर तू एवढी खुश होतीस की मध्ये बोलावंसं वाटलं नाही. तुझ्या पैशाने घेतलेली पहिली गाडी, तीही ऑटोमॅटिक, आमच्या वेळी कुठे होतं हे. पण रात्री तू पाठवलेला कोटेशनचा फोटो मोठा करून करून बघितला आणि झोप उडाली माझी. गाडीच्या किमतीखाली बारीक अक्षरात तीन ओळी आहेत बघ, एक्स्टेंडेड वॉरंटी 16,000, मेंटेनन्स पॅकेज 27,000, अंडरबॉडी कोटिंग 9,000. झाले 52,000. आणि तो सेल्सवाला मुलगा म्हणतो मॅडम हे लोनमध्येच टाकू, ईएमआय जेमतेम आठशेने वाढेल, तुम्हाला कळणारपण नाही.

कळायला नको म्हणूनच तर तो तसं सांगतो ना. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. 9 टक्क्याने 7 वर्षं, 52 हजाराचा हप्ता 837 रुपये, म्हणजे शेवटी भरशील 70 हजार. वरचे 18 हजार नुसतं व्याज. त्यात गंमत अशी की कंपनीची वॉरंटी आधीच 3 वर्षांची आहे, जास्तीची चालू होणार ती संपल्यावर, म्हणजे अजून सुरूच न झालेल्या गोष्टीवर तू 3 वर्षं व्याज भरायचं.

आता तू म्हणशील आईला सगळ्यातच खोट दिसते. नाही गं. वॉरंटी घे असंच म्हणेन मी, ऑटोमॅटिक गाडी आहे, गिअरचा अ‍ॅक्च्युएटर (आपोआप गिअर बदलतो तो भाग), इलेक्ट्रिक स्टिअरिंग, एसीचा कॉम्प्रेसर, हे काही टपरीवर रिपेअर होणारे पार्ट नाहीत, एक गेला तरी वॉरंटीचे पैसे वसूल. फक्त कंपनीची स्वतःची घे, डीलरने तिसऱ्याच कोणाची तरी गळ्यात मारलेली नको, आणि लोनबाहेर, साठवलेल्या पैशातून घे. बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत ती नंतरही देतात, उशीर केला तर रेट वाढतो एवढंच. किती वाढतो ते आत्ताच लिहून घे. आणि 1 लाख 40 हजार किलोमीटरपर्यंत कव्हर ऐकून हुरळू नकोस, आठवड्यातून दोनदा ऐरोलीचं ऑफिस आणि रविवारी खारघरहून इकडे, वर्षाला आठ-नऊ हजारच्या वर तू जात नाहीस, जास्तीची वॉरंटी धरून पाच वर्षांत 45 हजार फार झाले. तुझी वॉरंटी तारखेने संपणार, किलोमीटरने नाही. सर्व्हिसचंही तेच, 10 हजार किलोमीटर किंवा 1 वर्ष, जे आधी होईल ते. गाडी कुठे फिरलीच नाही म्हणून सर्व्हिस पुढे ढकललीस तर क्लेमच्या वेळी पहिला हाच मुद्दा काढतात.

आणि आपल्या जुन्या गाडीचं आठवतंय ना? बाबांनी रस्त्यावरच्या दुकानातून रिव्हर्स कॅमेरा बसवला होता, दीड हजार वाचवले म्हणून आठवडाभर सांगत होते सगळ्यांना. चौथ्या वर्षी काचा वरखाली होईनात, मीटरचे लाइट आपोआप बंद. वॉरंटी होती म्हणून आम्ही निर्धास्त. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने बाबांना खाली वाकायला लावलं, डॅशबोर्डखाली टॉर्च मारला आणि दाखवलं, कंपनीची वायर मध्येच सोललेली, त्याला दुसरी जोडलेली आणि वरून काळी चिकटपट्टी, उन्हाने सुटलेली, बोटाला चिकटत होती. साहेब, क्लेम नाही बसत. 19 हजार भरले. बाबा घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तर तुला कॅमेरा हवाच असेल तर कंपनीचाच, कपलरवाला, वायर न कापता बसणारा.

बाबा अजून वाद घालतात की 2014 साली कॉम्पिटिशन कमिशनने, म्हणजे कंपन्यांच्या मनमानीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, 14 गाडी कंपन्यांना अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोकला होता, बाहेरच्या गॅरेजला स्पेअर पार्ट देत नाहीत आणि बाहेर हात लावला की सरसकट वॉरंटी नाकारतात म्हणून. खरं आहे ते, त्यावर अपिलंही झाली. पण काउंटरवर उभं राहून ते सांगून काही उपयोग होत नाही हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून वॉरंटी आहे तोवर सर्व्हिस तिथेच आणि प्रत्येक बिल जपून.

मेंटेनन्स पॅकेज, म्हणजे पुढच्या सर्व्हिसचे पैसे आधीच भरायचे ते, मात्र नको. पहिल्या तीन सर्व्हिसचं लेबर कंपनी तशीही फ्री देते, ऑइल-फिल्टरचेच पैसे लागतात. मग 27 हजारात त्या तीनचं काय धरलंय हे विचार त्याला, बघ कसा मॅनेजरला बोलवायला जातो. शिवाय ब्रेक पॅड, वायपर, बॅटरी, टायर हे झिजणारं त्यात आहे का ते बघ. वॉरंटीत तर नसतंच. ऐनवेळी इंजिन फ्लशिंग, एसी क्लीनिंग अशा ओळी बिलात घुसतात त्या वेगळ्याच, त्या खोडायला लावायच्या.

खालून गंज धरू नये म्हणून मारतात त्या कोटिंगचं तूच ठरव, खाडीची हवा आहे हे खरं, पण निदान डिलिव्हरीच्या घाईत हो म्हणू नकोस.

इन्शुरन्स डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही, दोन ठिकाणी विचार. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा, 3 वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, 2018 पासून नियम आहे. त्यात इंजिन प्रोटेक्ट हे जास्तीचं कव्हर मात्र टाक, कारण पाणी शिरून इंजिन गेलं तर वॉरंटीवाले हात वर करतात. इकडे ठाण्यात वंदना टॉकीजकडे पावसात काय होतं तुला माहितीये. पाण्यात गाडी बंद पडली तर परत सेल्फ मारायचा नाही, अजिबात नाही, उतरायचं आणि आम्हाला फोन.

उंदरांनी वायरी कुरतडल्या तर तेही वॉरंटीत नाही. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगला कचऱ्याचा डबा शेजारीच आहे, दुसरी जागा मिळते का बघ.

आज त्या मुलाला फोन करून तिन्ही ओळी काढलेलं नवीन कोटेशन मागव. आणि वॉरंटीचं आख्खं पत्रक माग, चकचकीत ब्रोशर नको, ज्यात काय काय कव्हर नाही ते छापलेलं असतं ते. रविवारी घेऊन ये, मी चष्मा लावून वाचते. बाबांनी तुझ्यासाठी निळी फाइल आणून ठेवलीये, आतापासूनच तिच्यावर गाडीचा नंबर टाकायला जागा सोडलीये. पुरणपोळ्या करतेय, उपाशी ये.

आई