इंटरऑपर्कल दिसत नाही, म्हणून

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या जीवाश्म माशाचे फोटो मोठे करून पाहिले. ज्या खडकाच्या लादीत तो आहे ती चांगली आहे. चौकटी खवल्यांच्या सलग ओळी, डोक्याचा मागचा अर्धा भाग, कल्ल्यांचं झाकण जवळजवळ जागच्या जागी. कोटा शैलसमूहाच्या, म्हणजे गोदावरी खोऱ्यातल्या ज्युरासिक काळाच्या, चुनखडकातला असा नमुना शिकताना हाताशी असणं भाग्याचं. पण एका फोटोखाली तू लिहिलं आहेस, ‘इंटरऑपर्कल दिसत नाही, तक्त्यात ० टाकते.’ इंटरऑपर्कल हे कल्ल्यांच्या झाकणातलं हाड, आणि लक्षणांच्या तक्त्यात ० म्हणजे ‘या माशाला ते नाहीच’. त्या एका ओळीसाठी हे पत्र. ० टाकू नकोस. अजून तरी नाही.

आधी ते हाड प्रत्यक्ष हाताळून बघ. मासळीबाजारातून रोहूचं ताजं डोकं आण; मधून चिरू नका असं मावशींना आधीच सांग. झाकणात चार हाडं असतात. सगळ्यांत मोठं ऑपर्कल, त्याच्याखाली सबऑपर्कल, पुढे कोयत्यासारखं वाकलेलं प्रीऑपर्कल, आणि प्रीऑपर्कलच्या खालच्या कडेला अर्धवट आत दडलेली पातळ पट्टी. ती पट्टी म्हणजे इंटरऑपर्कल. तिचं पुढचं टोक एका चिवट बंधानं खालच्या जबड्याच्या मागच्या टोकाशी जोडलेलं असतं. झाकण बोटानं वर आणि मागे ढकल, जबडा खाली उघडतो. मग तो बंध कापून पुन्हा ढकल, ती ओढ गेलेली बोटालाच कळेल. एवढीशी पट्टी, पण तोंड उघडण्याची एक दोरी तिच्यातून जाते. नंतर डोकं उकळीच्या जरा खालच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेव, मऊ ब्रशनं मांस काढ आणि डाव्या बाजूची हाडं थर्माकोलवर जागच्या जागी मांड. खळखळ उकळलंस तर पातळ हाडं सुटून एकमेकांत मिसळतात आणि सबऑपर्कल कुठलं, इंटरऑपर्कल कुठलं, हे ओळखण्यातच संध्याकाळ जाते.

आता त्या ० चं वजन बघ. बोफिन, म्हणजे अमेरिकेतला एमिया, आणि आपले रोहू-बांगड्यासारखे टेलिऑस्ट या दोघांना हे हाड आहे. लांब चोचीच्या गार माशाला नाही. बिचिर आणि स्टर्जन या आणखी जुन्या फांद्यांच्या माशांनाही नाही. १९७३ मध्ये जीवाश्म माशांचे अभ्यासक कॉलिन पॅटरसन यांनी एमियाला टेलिऑस्टच्या जवळ आणि गारला त्या दोघांच्या बाहेर ठेवलं, त्याच्या पुराव्यांत हे हाडही होतं. गारकडे ते मुळातच नव्हतं, असा त्याचा अर्थ. २०१० मध्ये लान्स ग्रँडे यांनी जिवंत आणि जीवाश्म गार माशांची हाडं एकेक करून तपासली आणि गार व एमिया यांना पुन्हा एका घरात आणलं. होलोस्टाय हे या दोघांच्या गटाचं टाकून दिलेलं जुनं नाव त्यामुळे परत वापरात आलं. जनुकांचा पुरावाही त्याच बाजूनं आहे. म्हणजे ते हाड या तिघांच्या सामाईक पूर्वजाकडे होतं आणि गारनं नंतर गमावलं. आणि ते गमावलं हे समोर दिसतं कशात? लेपिडोटिस या नामशेष माशात आणि त्याच्या गोतावळ्यात. हे मासे गारच्या बाजूचे, आणि त्यांच्या नीट जपलेल्या डोक्यांत इंटरऑपर्कल आहे. तुझ्या लादीवरचा मासा बहुधा याच गोतातला आहे.

म्हणून ‘नाही’ हा शब्द जपून वापर. हाड मुळातच नव्हतं, पूर्वजांकडे होतं पण पुढे गेलं, किंवा हाड आहे पण खडकात दडलंय नाहीतर झिजून गेलंय, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरी गोष्ट तू नमुन्यावरच तपासू शकतेस. पहिल्या दोन्हींतला फरक एका नमुन्यावरून कळतच नाही, तो झाडावर, म्हणजे नात्यांच्या वंशवृक्षावर, बघावा लागतो.

तिसऱ्यासाठी अ‍ॅसिड लागेल. हाड कॅल्शियम फॉस्फेटचं, खडक कॅल्शियम कार्बोनेटचा. सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड कार्बोनेट खातं आणि फॉस्फेट बऱ्यापैकी सोडतं. लादीच्या कडेला, हाडापासून दूर, आधी व्हिनेगरचा थेंब टाक. बुडबुडे आले तरच पुढे जा. माती किंवा वाळू जास्त असेल तर अ‍ॅसिडनं काही होत नाही, तिथे सूक्ष्मदर्शकाखाली सुईनंच काम करावं लागतं.

उघड्या हाडावर पॅरालॉइड बी-७२ या हाड पक्कं करणाऱ्या राळेचं अ‍ॅसिटोनमधलं पातळ द्रावण लाव, शंभर मिलीला पाच ग्रॅम पुरे. जाड थर दिलास तर हाड चकाकतं आणि शिवणी, म्हणजे दोन हाडांमधल्या सांध्याच्या रेषा, बुजतात. एक दिवस वाळू दे. मग प्लास्टिकच्या टबात ९५० मिली पाण्यात ५० मिली ग्लेशियल (पाणी न मिसळलेलं) अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घाल. पाण्यात अ‍ॅसिड, उलट कधीच नाही. हातमोजे, चष्मा आणि धूर ओढणारं कपाट चालू. लिटरमागे साधारण एक ग्रॅम कॅल्शियम फॉस्फेट मिसळ, कारण कोरं अ‍ॅसिड हाडाच्या फॉस्फेटलाही थोडं लागतं. ते आधीच पाण्यात असलं की हाड वाचतं. पहिली बुडवणी चार ते सहा तासांची, जास्त नको. अ‍ॅसिड तीव्र केलंस तर काम लवकर होईल असं वाटतं, पण जोरात उठणारे बुडबुडे सैल खवले उचलून टाकतात आणि अ‍ॅसिड भेगेतून हाडाखाली शिरून ते पोकळ करतं.

मग धुणं. खरं नुकसान इथेच होतं. सहा तास अ‍ॅसिडमध्ये ठेवलंस तर निदान बारा तास, जमलं तर अठरा तास, वाहत्या पाण्यात ठेव. नळ सोडून ठेवणं शक्य नसेल तर दर दोन-तीन तासांनी पाणी पूर्ण बदल. खडक विरघळून तयार झालेलं आणि आत राहिलेलं कॅल्शियम अ‍ॅसिटेट वाळताना स्फटिक होऊन फुगतं आणि हाड आतून फोडतं. आज सुंदर दिसणारा नमुना महिन्याभरानं पांढऱ्या पिठासारखा सुटलेला दिसला, की समजायचं धुणं कमी पडलं. वाळवायचं सावलीत, हळूहळू. पूर्ण वाळल्यावर नवं उघडं पडलेलं हाड पुन्हा पॅरालॉइडनं पक्कं कर, फोटो काढ, तारीख आणि तास वहीत लिही, मगच पुढची बुडवणी. दहा-पंधरा फेऱ्या सहज लागतात. त्या लागू देत.

वर दिसणारी बाजू फार झिजलेली असेल तर दुसरी वाट आहे. ती बाजू पारदर्शक राळेत बसवायची आणि मागून सगळा खडक विरघळवायचा. मग खडकात झाकून राहिलेली ताजी बाजू समोर येते. टूम्ब्स आणि रिक्सन यांनी १९५० मध्ये प्लास्टिक वापरून ही रीत मांडली. पण ती एकदाच करता येते. तुझ्या गाइडना विचारल्याशिवाय हात लावू नकोस.

खडक गेल्यावर जे दिसेल ते वाचायला शिकावं लागतं. दिवा अगदी आडवा, डाव्या वरच्या कोपऱ्यातून धर. अल्कोहोलचा एक थेंब सोड. ते उडून जाईपर्यंतच्या काही क्षणांत शिवण गडद रेघेसारखी उठून दिसते. तडा आणि शिवण यांत फसू नकोस. तडा एका हाडातून शेजारच्या हाडात सरळ निघून जातो, नक्षी कापत जातो. शिवणीपाशी नक्षी थांबते, आणि दोन्ही बाजूंच्या रेषा आपापल्या हाडाच्या वाढीच्या केंद्राकडे वळलेल्या असतात. संवेदी नलिकेची छिद्रंही शोध: ती नळी प्रीऑपर्कलमधून जाते, ऑपर्कलमधून नाही. हाड तुटलेलं, सरकलेलं असलं तरी छिद्रांची ओळ दिसली की नाव ठरतं. इंटरऑपर्कल जागेवर नसेल तर प्रीऑपर्कलची खालची कडा आतून पाहा आणि जबड्याच्या मागच्या टोकाजवळचे सुटे तुकडे गोळा कर. मासा चेपला जाताना ही पट्टी सबऑपर्कलखाली सरकते आणि कल्ल्यांखालच्या ब्रँकिओस्टेगल काड्यांतली एक समजून मोजली जाते. हे फार वेळा होतं.

तक्त्यात हाड दिसलं तर १. त्या भागातली सगळी हाडं जागच्या जागी, कडा शाबूत, आणि तरी जागा रिकामी असेल, तेही एकाहून जास्त नमुन्यांत, तरच ०. बाकी सगळीकडे ‘?’. ‘?’ची लाज वाटू देऊ नकोस. चुकीचा ० असेल तर तक्त्यावरून झाड काढणारा टीएनटी हा प्रोग्रॅम तो मुकाट्यानं खरा मानेल, तुझा मासा गारच्या अंगाला ओढेल, आणि झाडाकडे बघून चूक कुठे झाली ते कुणालाच कळणार नाही. ‘-’ हे चिन्ह वेगळं, ते फक्त प्रश्नच लागू नसेल तेव्हा: हाडच नसेल तर त्या हाडाचा आकार विचारता येत नाही.

लेबलवर तू लेपिडोटिस डेक्कनेन्सिस लिहिलं आहेस. तिथेही जरा थांब. हे नाव १८५१ पासूनचं, एगर्टन यांनी दख्खनच्या माशाला दिलेलं. पण जाड, चकचकीत, चौकटी खवले दिसले की लेपिडोटिस म्हणायची सवय शंभर वर्षांहून जास्त चालली, आणि अलीकडे त्या प्रजातीतून (जीनसमधून) कितीतरी मासे बाहेर काढावे लागले. असे खवले बिचिरलाही आहेत, गारलाही आहेत. ते जुन्या पूर्वजाकडून आलेले आहेत, जवळचं नातं दाखवत नाहीत. खवल्यानं भागवायचंच असेल तर एका सुट्या खवल्याचा पातळ छेद कर: गारच्या खवल्यात वरच्या चकचकीत गॅनॉइनच्या थराखाली थेट हाड असतं, बिचिरच्या खवल्यात मध्ये डेंटिनचा थर असतो. आणि कोट्यातच पॅराडेपेडियमही आहे, तो मासा आधी युरोपातल्या डेपेडियममध्ये गणला जायचा. सोहनलाल जैन यांनी १९७३ मध्ये डोक्याची हाडं पाहून तो वेगळा केला. सध्या लेबलवर ‘गिंग्लिमोडियन (म्हणजे गारच्या बाजूचा), प्रजाती अनिश्चित’ एवढंच ठेव.

पहिल्या बुडवणीआधी प्रीऑपर्कलच्या खालच्या कडेचा फोटो पाठव, अल्कोहोल लावून आणि न लावता, दोन्ही, मोजपट्टी शेजारी ठेवून. डाव्या टोकाला जो तिरका तुकडा दिसतोय तो मला काडी वाटत नाही.

तुझी,
आई