आधी सातबारा मोकळा करा, मग नवे रहिवासी बोलवा

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

कालच्या अंकातला ओस पडत चाललेल्या गावांवरचा लेख वाचला. लेखकाची तळमळ मान्य. पण सिसिलीतल्या सांबुका गावाने पडकी घरे एक युरोत विकायला काढली, जपानात रिकाम्या घरांच्या याद्या लावून लोकांना बोलावतात, मग कोकणात असे का होत नाही, एवढा प्रश्न टाकून ते मोकळे झाले. याचे उत्तर त्यांना आमच्याकडच्या कुठल्याही तलाठ्याने दिले असते. आमचे पडके घर एक रुपयालाही विकता येत नाही, कारण त्याचा मालक एक नाही.

२०२० च्या टाळेबंदीत माझा पुतण्या बायको-मुलीला घेऊन कळव्याहून गावी आला तो परत जायचे नाही असे ठरवूनच. वायरिंगचे काम हातात. पंचक्रोशीत पंपाची जळलेली मोटार भरून (तारा पुन्हा गुंडाळून) देणारा माणूस नव्हता, त्यामुळे आल्या आल्या कामे मिळाली. काजूची कलमे लावली. जुन्या घराची मागची भिंत बसली होती, म्हणून बाजूच्या तुकड्यात दोन खोल्या आणि कामासाठी एक शेड बांधू म्हणाला. कर्जासाठी बँकेने सातबारा मागितला आणि तिथेच सगळे अडले.

त्या सातबाऱ्यावर माझ्या आजोबांचे नाव ‘ए.कु.क.’ म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता म्हणून लागले होते. ते गेल्यावरही कितीतरी वर्षे तसेच राहिले. पुढे वारस चढत गेले. आता त्यावर सत्तेचाळीस नावे आहेत. मयतांची नावे कंसात, खाली त्यांचे वारस, पुढे आणे-पैत त्यांच्या हिश्श्यांचा हिशेब. कुणी विरारला, कुणी नालासोपाऱ्याला. एका चुलत बहिणीचे नाव माहेरचेच लागले आहे, ती इंदूरला असते यापलीकडे कुणाला काही ठाऊक नाही. संमतीपत्रावर या सगळ्यांच्या सह्या हव्यात. पुतण्याने शिमग्याला आणि गणपतीत घरोघर जाऊन जमतील तेवढ्या घेतल्या. एक चुलतभाऊ म्हणाला, ‘आधी माझा हिस्सा मोजून दे, मग सही करतो.’ त्याचेही चुकले असे मी म्हणणार नाही. पण हिस्से पाडायचे तर पुन्हा सगळ्यांचीच संमती लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदार वाटप करून देतात ते सहहिस्सेदार राजी असतील तर, नाहीतर दिवाणी दावा. पंप दुरुस्त करून पोट भरणाऱ्याने दावा लावायचा कधी आणि निकाल बघायचा कधी?

२०२५ मध्ये शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली. मयतांच्या जागी वारसांची नावे लागली, हे चांगलेच झाले. पण वाटप न होता नुसते वारस चढले की नावे वाढतातच. घर बांधणाऱ्याला आणखी सह्या गोळा कराव्या लागतात. त्याच वर्षी शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ केली. पण आमचे घोडे अडले आहे ते फीपाशी नाही, सह्यांपाशी.

लेखकाने जपान अर्धाच सांगितला. तिथेही मालकाचा पत्ता लागत नाही हेच दुखणे होते. म्हणून १ एप्रिल २०२४ पासून वारसाने तीन वर्षांत नोंद करणे सक्तीचे केले, न केल्यास दंड आहे. त्याआधी २०२३ मध्ये, सहहिस्सेदार बेपत्ता असेल तर न्यायालयाच्या परवानगीने उरलेल्यांना पुढे जाता येईल, अशी कायद्यात सोय केली. घ्यायचे तर हे घ्या.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८२ हजारांनी आणि सिंधुदुर्गाची १९ हजारांनी घटली. सगळे राज्य वाढत असताना आम्ही घटलो. नवे रहिवासी मात्र आमच्याकडे आलेलेच आहेत. ज्या थोड्या जमिनी एकट्याच्या नावावर होत्या, त्या शहरातल्या लोकांनी घेतल्या, जांभ्या दगडाचा गडगा (कुंपणाची भिंत) घातला, गेटला कुलूप लावले आणि राखणीला नेपाळी कुटुंब ठेवले. मालक मे महिन्यात आठवडाभर येतात. आमची नदीवर जायची पायवाट त्या गडग्याने बंद झाली. अशा रहिवाशांनी गाव कसे भरणार?

शाळेचेही लिहायलाच हवे. पट कमी म्हणून वाडीतली शाळा बंद झाली आणि मुलांना पलीकडच्या वाडीत जायला सांगितले. मधे पऱ्या (ओढा) आहे. जुलैत त्याला पाणी आले की पहिली-दुसरीची पोरे घरीच. खोल्या तर होत नाहीतच, पोरगीही शाळेविना बसणार, हे बघून पुतण्याने सामान आवरले आणि बदलापूरला भाड्याने खोली घेतली. आता पंपाची मोटार जळली की आम्ही ती टेम्पोत घालून तालुक्याला नेतो.

सहहिस्सेदार सगळे एका वेळी गावात असतात ते गणपतीत, फार तर मे महिन्यात. त्याच दिवसांत तहसीलदारांनी, भूमी अभिलेखच्या लोकांनी गावात बसावे, जागेवर जबाब घ्यावेत, मोजणी करावी, वाटपाचा आदेश द्यावा. सुट्टीच्या दिवशी सरकारी माणूस गावात आणणे अवघड आहे हे मी जाणतो. पण सत्तेचाळीस चाकरमानी एरवी एका कचेरीत आणणे त्याहून अवघड आहे. आपल्या वृत्तपत्राने ही एक मागणी लावून धरावी, ही कळकळीची विनंती.

एक वाचक,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी