बॅगेतल्या टॅगबद्दल, मनूला

नागपूर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

सोबतच्या डबीत दोन टॅग आहेत, बॅग कुठे आहे ते फोनवर दाखवणारे. एक मोठ्या बॅगेसाठी, एक पाठीवरच्या सॅकसाठी. आई म्हणाली, फोनवर सांगून टाका ना, पत्र कशाला. पण फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" करतेस आणि तिकडे लॅपटॉपवर काहीतरी टाइप करून राहिली असतेस, हे मला ऐकू येतं. म्हणून लिहितो. पुण्याहून इकडे यायला निघण्याआधी वाच, आणि फ्रँकफर्टला जाताना पत्र हातातल्या सामानात ठेव. चेक-इनच्या बॅगेत नको.

टॅग इथल्या बर्डीच्या बाजारातून घेतले. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, जीपीएस आहे याच्यात, दुनियेत कुठंही जाऊ द्या, दिसते." जीपीएस-बिपीएस काही नाही त्यात. असतं तर एवढ्याशा सेलवर वर्षभर चाललं असतं का? हा टॅग फक्त ब्लूटूथवर थोड्या-थोड्या वेळानं "मी इथे आहे" म्हणत राहतो. जवळून ज्याचा फोन जाईल, तो फोन ते ऐकतो, आपली जागा त्याला जोडतो आणि गुपचूप इंटरनेटवरून पुढे पाठवतो. त्या फोनवाल्याला पत्ताही नसतो. जत्रेत हरवलेलं पोर जसं रडत उभं राहतं आणि येणारे-जाणारे त्याची खबर पोचवतात, तसलाच प्रकार. म्हणजे माणसं नसतील, फोन नसतील, नेटवर्क नसेल, तर टॅग कितीही रडला तरी खबर येणार नाही.

दुकानातल्या पोरानं आधी मला ॲपलचा एअरटॅग दाखवला होता. चांगला आहे, २०२१ पासून बाजारात आहे, पण तो आयफोन किंवा आयपॅडशिवाय जोडता येत नाही. सॅमसंगचा त्यांच्याच गॅलेक्सी फोनवर चालतो. तुझा साधा अँड्रॉइड, म्हणून गूगलच्या जाळ्यावर चालणारा घेतला. हे जाळं २०२४ मध्ये सुरू झालं, ॲपचं नाव आता फाइंड हब आहे. आपल्याकडे अँड्रॉइडच जास्त, त्यामुळे इकडे बरंच. पण त्यात एक गोम आहे. सुरुवातीला हे जाळं फक्त गर्दीच्या जागांपुरतं चालू असतं. एका टॅगची जागा बऱ्याच फोनांनी कळवली तरच ती तुला दाखवतात. कुणाच्या घराचा पत्ता फुटू नये म्हणून तसं केलंय. सेटिंगमध्ये "सगळ्या ठिकाणी" असा पर्याय आहे, तुझ्या फोनपुरता तो निवडून ठेव. ज्याला दुसऱ्याची मदत हवी, त्यानं आपला फोनही दुसऱ्याच्या कामी येऊ द्यावा, असं मला वाटतं.

दोन्ही टॅग तुझ्याच फोनवर जोड. आईचा हट्ट होता की बाबांच्या फोनवर जोडा, म्हणजे पोरगी कुठे पोचली ते दिसेल. मी नाही म्हटलं. एक तर तसं केलं की तुझा फोन तुलाच इशारा देईल की अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतोय. कुणी कुणाच्या नकळत मागावर राहू नये म्हणून ॲपल आणि गूगलनं मिळून २०२४ मध्ये ही सोय दोन्हीकडच्या फोनांत आणली. आणि दुसरं, इशारा आला नसता तरी मी केलं नसतं. पोचलीस की एक मेसेज टाक, आईला तेवढं पुरे. नाही पुरलं तर मी पाहून घेईन.

याच इशाऱ्याची दुसरी बाजूही आहे. चोरानं बॅग उचलली आणि त्याच्या खिशात बऱ्यापैकी फोन असला, तर तोही थोड्या वेळानं चोराला सांगतो की तुझ्यासोबत कुणाचा तरी टॅग चाललाय, हवं तर वाजवून शोध. त्यामुळे टॅग हा चोरीवरचा उपाय समजू नकोस. चुकलेल्या, मागे राहिलेल्या, दुसऱ्याच पट्ट्यावर गेलेल्या बॅगेसाठी तो आहे. विमानात बॅगा चोरीला जातात त्याहून कितीतरी जास्त नुसत्या चुकतात. पार्सल ऑफिसात नोकरी काढलेल्या माणसाचं ऐक. आमच्याकडेही नग चोरीला जायचे कमी, आणि इटारसीला उतरायचे ते पुढे निघून जायचे जास्त.

आता पुण्याहून इथल्या अजनी स्टेशनपर्यंतचा रेल्वेप्रवास. रेल्वेत तू सोबत नेलेलं सामान तुझ्या जबाबदारीवर असतं. रेल्वे कायदा १९८९, कलम १००. सामान बुक करून पावती घेतली तरच रेल्वेची जबाबदारी. सोबतच्या सामानाला रेल्वेच्या माणसाची हयगय सिद्ध करावी लागते. सुप्रीम कोर्टानंही २०२३ मध्ये सांगितलं की प्रवाशाजवळचे पैसे गाडीत चोरीला गेले, तर ती रेल्वेच्या सेवेतली कमतरता नव्हे. तेव्हा साखळी आणि कुलूप लाव, टॅग आहे म्हणून साखळी विसरू नकोस. रात्री भुसावळ-अकोल्याच्या मधे बॅग गेलीच, तर नकाशावरचा ठिपका पाहून स्वतः गाडीतून उतरायचं नाही. १३९ ला फोन, गाडीतल्या आरपीएफवाल्याला (रेल्वे सुरक्षा दल) किंवा टीसीला सांगणं, ठिपक्याचा वेळेसकट स्क्रीनशॉट काढणं, आणि पुढच्या स्टेशनवर लेखी तक्रार. एवढंच.

आणि याच प्रवासात टॅगची परीक्षा घेऊन पाहीन म्हणशील, तर ती होणार नाही. बॅग तुझ्या बर्थखाली असेल तेव्हा तुझाच फोन तिची जागा सांगत राहील आणि तुला वाटेल वा, काय मस्त चालतंय. खरी परीक्षा घ्यायची तर एक दिवस बॅग मैत्रिणीकडे ठेव, तू ऑफिसात जा, आणि मग काय दिसतं ते पाहा. किती वेळापूर्वीची जागा दाखवतो ते वाचायची सवय कर. "आत्ता" आणि "तीन तासांपूर्वी" यात फार फरक आहे, आणि ती ओळ बारीक अक्षरात असते.

मोठ्या बॅगेत टॅग कुठे ठेवायचा? बाहेर लटकवू नकोस, पट्ट्यावर ओरबाडून निघतो. आतल्या अस्तराच्या चेनच्या खिशात ठेव. आणि आई तुला प्रेशर कुकर देणार आहे, ते आता कुणी थांबवू शकत नाही. त्या कुकरच्या पोटात किंवा स्टीलच्या डब्यांच्या बेचक्यात टॅग जाऊ देऊ नकोस. धातूतून त्याचा ब्लूटूथ सिग्नल नीट बाहेर पडत नाही. सेल नाण्यासारखा असतो, सीआर २०३२. काही कंपन्या लहान मुलांनी गिळू नये म्हणून सेलला कडू लेप लावतात, आणि तो लेप कधी कधी टॅगच्या टोकांना नीट टेकू देत नाही. म्हणून बदलायला दुसरा घेशील तेव्हा लावून, वाजवून पाहा. सुटा सेल आणि पॉवर बँक हातातल्या सामानात, टॅगमध्ये बसवलेला सेल मात्र खाली गेला तरी चालतो, त्यात लिथियम फार थोडं असतं. तुला जर्मनीलाच जायचंय म्हणून सांगतो: २०२२ च्या ऑक्टोबरात लुफ्तान्सानं असले टॅग बॅगेत चालू ठेवता येणार नाहीत असं म्हटलं होतं. चांगलाच गोंधळ झाला. मग तिथल्या हवाई खात्यानं धोका नाही असं सांगितल्यावर ते मागे घेतलं. कुणी जुनी बातमी दाखवून घाबरवलं तर घाबरू नकोस.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी पत्र लिहायला बसलो. टॅग बॅगेची जागा सांगतो. बॅग तुझी आहे हे सांगत नाही, आणि ती आणून तर देतच नाही. आणून देतो कागद. मावशी बंगळुरूहून मुंबईमार्गे येत होती ते आठवतं? मी सोनेगावला, आपल्या विमानतळावर, घ्यायला गेलो होतो. पट्टा थांबला, सगळे निघून गेले, मावशीची बॅग नाही. तिच्या फोनवर बॅग मुंबईच्या विमानतळावर स्वच्छ दिसत होती. ती फोन घेऊन काउंटरवर. तिथली मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही घरी जा, पुढच्या फ्लाइटनं येईल, आम्ही फोन करू." काका लगेच गाडीची किल्ली काढून तयार. मावशी पुन्हा पुन्हा फोनवरचा ठिपका दाखवत होती आणि ती मुलगी मान हलवत होती, कारण तिच्या संगणकात ठिपका नावाची गोष्टच नव्हती.

मी विचारलं, बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेली चिठ्ठी कुठाय? ती पर्समध्ये, चॉकलेटच्या कागदासोबत गोळा झालेली. सरळ केली. दहा आकडी नंबर. म्हटलं, या नंबराचं शेवटचं स्कॅन कुठं दिसतं ते सांगा. मुलीनं पाहिलं. मुंबईत उतरवल्याची नोंद होती, नागपूरच्या विमानात चढवल्याची नव्हती. आता ठिपका आणि नोंद एकच बोलू लागले, आणि ती फोनवर मुंबईशी बोलू लागली. मग तिनं फॉर्म काढला, बॅगांच्या आकारांचा आणि रंगांचा छापील तक्ता पुढे ठेवला. मावशी म्हणते "मोरपंखी", तक्त्यात मोरपंखी नाही, निळ्यावर बोट ठेवावं लागलं. आत काय काय आहे ते लिहून घेतलं. रिपोर्टचा नंबर हातात आला तेव्हाच मी तिथून हललो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी घरी आली बॅग घेऊन.

त्या फॉर्मला पीआयआर म्हणतात, प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट. विमानतळाच्या बाहेर पडायच्या आधी भरायचा, बाहेर गेल्यावर परत आत येणं मुश्कील. आणि ती स्कॅनची भानगड मी उगाच विचारली नव्हती. आयाटा नावाची विमान कंपन्यांची जागतिक संघटना आहे, तिचा ७५३ क्रमांकाचा ठराव जून २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार बॅग चार ठिकाणी नोंदवायची असते: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, दुसऱ्या कंपनीकडे किंवा विमानाकडे सोपवताना, आणि प्रवाशाला परत देताना. आमच्या पार्सलच्या बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, हेच व्हायचं, फक्त शाईनं. तेव्हा नुसतं "माझी बॅग कुठाय" विचारू नकोस. "शेवटचं स्कॅन कुठं आणि कधीचं" हे विचार, आणि मग टॅग काय म्हणतो ते दाखव.

हे आपल्या काउंटरवर चालतं, तिकडेही चालेल. आयफोनवाल्यांना २०२४ च्या डिसेंबरपासून बॅगेच्या जागेची लिंक थेट विमान कंपनीला देता येते, ती सात दिवसांनी किंवा बॅग मिळाली की आपोआप बंद होते. एअर इंडियासुद्धा ती घेते. तू लिंकच्या भानगडीत न पडता स्क्रीनशॉट दाखव.

चेक-इनला नागपुरात बॅगेवर जो कागदी पट्टा लावतील तो लावताना बघत राहा. दिल्लीमार्गे फ्रँकफर्टपर्यंत तिकीट एकच असेल तर त्या पट्ट्यावर मोठ्या अक्षरांत फ्रँकफर्टचं एफआरए असायला हवं. नुसतं डीईएल दिसलं तर तिथेच विचार, कारण मग दिल्लीला बॅग तुलाच उचलून पुन्हा द्यावी लागेल. आधीच्या प्रवासाचे पट्टे आणि बारीक स्टिकर सोलून काढ, स्कॅनर त्यातलाही बारकोड वाचू शकतो. आत वरच एका कागदावर नाव, ईमेल आणि जर्मनीतला पत्ता ठेव. बॅग बंद करायच्या आधी उघडीचा एक फोटो, बंदचा एक.

पैशाचं थोडक्यात. परदेशी प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू होतो. बॅग फाटली-तुटली तर हातात आल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार, उशिरा मिळाली तर २१ दिवसांत. २१ दिवसांत आलीच नाही तर हरवली असं धरून भरपाई मागता येते. कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे साधारण दोन हजार डॉलर. तेवढे मिळतातच असं नाही, नुकसान दाखवावं लागतं. मधल्या काळात कपडे, टूथब्रश घेतलेस तर त्याच्या पावत्या टाकू नकोस. डिग्रीची मूळ कागदपत्रं, औषधं आणि आजीच्या बांगड्या हातातल्या सामानातच.

सावजी मसाला आईनं तीन पिशव्यांत घालून वर स्टीलच्या डब्यात ठेवलाय. वजन तेवीस किलोच्या वर गेलं तर आधी कुकर काढायचा की मसाला, हे तुम्ही दोघी इथे आल्यावर ठरवा, मला मधे घेऊ नका. अजनीला उतरलीस की पूर्वेच्या बाजूनं बाहेर ये, तिकडे गाडी लावायला जागा मिळते.

तुझा,
बाबा