थर्सोहून घरी: कातळावर फुटणाऱ्या लाटेविषयी

थर्सो, स्कॉटलंड
रविवार, 16 मार्च 2025

ती. अण्णा, ती. सौ. आई आणि ती. आजी यांस,
वैदेहीचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी येथे सुखरूप आहे. प्रकृती उत्तम आहे, जेवण वेळेवर होते, आणि इस्पितळातल्या नोकरीचे व पाळ्यांचे तुम्हाला सर्व ठाऊकच असल्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही.

पत्रास कारण की, निखिलदादाने तुम्हाला मोबाइलवर माझा तो फोटो दाखवल्यापासून घरातले वातावरण बिघडले आहे, हे मला कळले आहे. फोनवर आई रडली आणि अण्णा काही न बोलता उठून गेले. त्या दोन मिनिटांत मला काही समजावून सांगता आले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. अण्णांनी ते आजीला मोठ्याने वाचून दाखवावे, ही विनंती.

फोटोत काळा रबरी पोशाख घातलेली आणि डोक्यापेक्षा उंच लाटेपुढे फळीवर उभी असलेली मुलगी मीच आहे. गेले दीड वर्ष मी सर्फिंग करते. हे तुमच्यापासून लपवले ही माझी चूक आहे आणि त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते. परंतु लपवले ते वाईट काम होते म्हणून नव्हे. समुद्र म्हटला की आपल्या घरात काय वाटते हे मला माहीत आहे, आणि येथून तुमची काळजी वाढवणे माझ्या जिवावर येत होते.

ही जागा कोणती, ते आधी सांगते. ब्रिटनच्या मुख्य भूमीवरचे सर्वांत उत्तरेचे शहर म्हणजे हे थर्सो. थर्सो नदी येथेच समुद्राला मिळते आणि तिच्या मुखाच्या पूर्वेला एका जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. त्या भिंतींच्या समोर पाण्याखाली सपाट कातळ पसरलेला आहे आणि लाट त्यावर फुटते. आपला जांभा सच्छिद्र आणि खडबडीत, तर येथला दगड शाळेच्या पाटीसारखा थराथरांचा. सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वी येथे एक विशाल सरोवर होते, त्याच्या तळाशी बसलेल्या गाळाचे हे थर. या भागात शेतांची कुंपणेसुद्धा याच फरशा उभ्या रोवून केलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात याच गावात पाव भाजणारा रॉबर्ट डिक नावाचा गृहस्थ फावल्या वेळात या दगडांतले माशांचे जीवाश्म गोळा करीत असे. अण्णांना हा दगड बघायला फार आवडला असता.

आई, तुझी पहिली शंका अशी की, वाळूचा किनारा सोडून मी खडकावर का जाते. तू विचारलेस तेव्हा मला उत्तर सुचले नाही, पण उत्तर आहे. आपल्या किनाऱ्यावर दर पावसाळ्यानंतर वाळू इकडची तिकडे होते. गेल्या वर्षी जेथे गुडघाभर पाणी होते तेथे यंदा खड्डा सापडतो, आणि ओढ कोणत्या बाजूने लागेल हे आत उतरल्याशिवाय समजत नाही. कातळ हलत नाही. लाट आज ज्या जागी उठते त्याच जागी उद्याही उठते, ती किनाऱ्याकडे तोंड करून पाहिल्यास उजवीकडे, म्हणजे नदीच्या दिशेने, क्रमाक्रमाने फुटत जाते, आणि नदीच्या बाजूला पाणी खोल असल्यामुळे तेथून लाटांचा मारा न खाता फळीवर पालथे पडून हातांनी पाणी मारत बाहेर जाता येते. माणसाने शिकावे आणि शिकलेले उपयोगी पडावे, अशी ही जागा आहे. खडक कठीण असतो आणि पडले तर लागते, हेही तितकेच खरे आहे. त्याविषयी पुढे लिहिणार आहे.

नदीचे पाणी डोंगरावरच्या दलदलीतून येत असल्यामुळे कोऱ्या चहाच्या रंगाचे असते, म्हणून फोटोत लाट तपकिरी दिसते. आजीला ते गटाराचे पाणी वाटले असे समजले. तसे मुळीच नाही, या नदीत सामन मासा चढतो.

आता येथल्या लोकांची एक रीत सांगते, कारण ती मला समजायलाच कित्येक महिने लागले. लाटा चांगल्या आहेत असे कळले की माणसे गाड्या घेऊन किल्ल्याजवळ येतात, आणि येऊन गाडीतच बसून राहतात. इंजिन बंद, काच थोडी खाली, मांडीवर चहाचा थर्मास, आणि दृष्टी समुद्राकडे. शेजारच्या गाडीतला माणूस वीस वर्षांचा ओळखीचा असला तरी फक्त मान हलवायची, बोलायचे नाही. अर्धा तास जातो, कधी पाऊण तास. पहिल्यांदा मला वाटले की कोणीतरी बुडाले आहे आणि हे सर्व वाट पाहत आहेत. नंतर वाटले की थंडीमुळे कोणाचे धाडस होत नाही. खरे कारण असे की ते मोजत असतात. लाटा एकसारख्या येत नाहीत, चार-पाच मोठ्या लाटांचा गट येतो आणि मग बराच वेळ पाणी शांत राहते. त्या गटांमध्ये किती मिनिटांचे अंतर आहे, सर्वांत मोठी लाट कातळाच्या कोणत्या टोकावर उठते, वारा जमिनीकडून वाहतो आहे की नाही, आणि पाणी चढते आहे की उतरते आहे, हे सर्व डोळ्यांनी पाहून झाल्याशिवाय कोणी अंगात पोशाख चढवत नाही. कित्येकदा एवढे पाहून झाल्यावर माणसे गाडी वळवून घरी जातात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आत गेल्यावरही हीच शिस्त असते. लाट ज्या टोकावर फुटू लागते त्याच्या सर्वांत जवळ जो असेल तिच्यावर त्याचा हक्क, आणि नव्या माणसाने बाजूला बसून पाहायचे. मी पहिले दोन महिने बाजूलाच बसत होते. एके दिवशी साठी उलटलेल्या एका गृहस्थांनी लाटेकडे पाहून नुसती हनुवटी हलवली. तेव्हा कळले की ही लाट माझी आहे.

येथे गर्दी नसते. 1981 साली युरोपची सर्फिंग स्पर्धा याच गावी झाली आणि 2006 पासून काही वर्षे व्यावसायिक स्पर्धाही झाल्या, तरी हिवाळ्यात आठवड्याच्या मधल्या वारी पाण्यात चार-पाच माणसे असली तर पुष्कळ झाली. म्हणजे मी एकटी असते असा अर्थ कृपया काढू नका. मी एकटी कधीही उतरत नाही. बरोबर इस्पितळातल्याच दोन मैत्रिणी असतात. शेजारच्या स्क्रॅब्स्टर बंदरात 1860 पासून चालत आलेले जीवरक्षक नौकेचे ठाणे आहे आणि त्यावरची माणसे याच गावातली आहेत.

निखिलदादाने इंटरनेटवर पेंटलंड फर्थ या सामुद्रधुनीच्या प्रवाहाविषयी वाचून तुम्हाला घाबरवले, असे दिसते. तो प्रवाह भयंकर आहे यात शंका नाही, ताशी 30 किलोमीटरच्या आसपास वेगाने पाणी वाहिल्याची तेथे नोंद आहे. पण तो डनेट हेड या भूशिराच्या पलीकडे, मुख्य भूमी आणि ऑर्कनी बेटे यांच्यामधल्या चिंचोळ्या भागात. आमचा कातळ उपसागराच्या आत, किनाऱ्याला लागून आहे. त्या प्रवाहाकडे जाण्याचे माझ्या मनातही येत नाही. थंडीचे म्हणाल तर या दिवसांत पाणी सहा-सात अंशांवर असते, परंतु पोशाख छातीपाशी 6 मिलिमीटर जाडीचा असून टोपी, मोजे व हातमोजेही त्याच रबराचे आहेत. तासाभरात मी बाहेर येते. शार्कविषयी आजीने निश्चिंत राहावे. येथे सील पुष्कळ दिसतात आणि तेच आमच्याकडे कुतूहलाने पाहतात.

आता जे लिहायचे टाळत होते ते लिहिते. जानेवारीच्या अखेरीस माझ्या भुवईवर पट्टी होती आणि बर्फावरून घसरून पडले असे मी तुम्हाला सांगितले. ते खोटे होते. त्या दिवशी मौनी अमावास्या होती. रात्रपाळी संपवून, थोडी झोप काढून मी दुपारी समुद्रावर गेले, कारण दुसऱ्या दिवसापासून वारा फिरणार होता. येथे अमावास्या-पौर्णिमेची भरती सकाळी नऊच्या सुमारास असते, म्हणजे तीन वाजता पूर्ण ओहोटी. उधाणाच्या दिवसांत येथे भरती-ओहोटीतला फरक सुमारे 4 मीटर पडतो, तेव्हा त्या वेळी कातळावर किती थोडे पाणी उरणार हे मला दिसायला हवे होते. मी घाईत पाहिले नाही. फळीवरून पडले, फळीच्या मागची पाती लागली आणि पाच टाके पडले. डोळ्याला काहीही झालेले नाही, व्रणही आता पुसट झाला आहे. मैत्रिणींनी मला लगेच बाहेर काढले.

त्या रात्री मला आजोबांची फार आठवण झाली. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायला त्यांनीच मला शिकवले होते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पाचवीतली मी ओटीवर बसून बोटांवर हे मोजत असे आणि चुकले की ते पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत. एवढे शिकलेली मुलगी अमावास्येच्या ओहोटीला कातळावर जाते, हे त्यांना समजले असते तर त्यांनी काय म्हटले असते, ते मला माहीत आहे. येथला आकडा आपल्याहून निराळा आहे, पण रोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येणारी भरती तीच आहे. तेव्हापासून मी आईने पाठवलेल्या कालनिर्णयावर रोजच्या तिथीशेजारी येथल्या भरतीची वेळ पेन्सिलीने लिहून ठेवते. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला उतरायचे नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे आणि तो मोडणार नाही, हे तुम्हाला वचन देते.

त्यांचा दुसरा नियम मात्र मला पाळता येत नाही. समुद्राकडे पाठ करू नये, असे ते म्हणत. लाट पकडायची तर ती अगदी जवळ आली की तिच्याकडे पाठ करून किनाऱ्याकडे तोंड वळवावेच लागते. पण मी खांद्यावरून सारखी मागे पाहत असते, अण्णा.

गेल्या शनिवारी, 8 तारखेला, नवमी होती, म्हणजे भांगाचे पाणी, भरती-ओहोटीतला फरक अगदी कमी. वारा दक्षिणेचा, जमिनीकडून येणारा होता. अटलांटिकमध्ये दूर कोठे तरी उठलेल्या वादळाच्या लाटा येथवर आल्या होत्या. चौदा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या अशा लाटांचा समूह ताशी सुमारे 40 किलोमीटरने प्रवास करतो, म्हणजे वादळापासून येथे पोचायला एक-दोन दिवस सहज लागतात. मी अर्धा तास गाडीत बसून पाहिले आणि मग गेले. तीन लाटा मिळाल्या. तिसरीवर उभी राहिले तेव्हा पायाखाली कातळावरचे तपकिरी शेवाळ पट्ट्यापट्ट्यांनी हलताना स्वच्छ दिसत होते, समोर किल्ल्याची भिंत होती, आणि लाट हात लावता येईल इतकी जवळ, उभीच्या उभी, बाजूने चालत होती. दहा-बारा सेकंद झाले असतील. आजोबा होडी बंदरात घालताना लाटेवर चढवून आणत, तेव्हा मला कडेवर घेतल्यासारखे जे वाटे तेच वाटले. येथे आल्यापासून घराची आठवण ज्या जागी त्रास देत नाही, अशी ही एकच जागा आहे. हे वाचून वाईट वाटू देऊ नका.

आपल्याकडे आता शिमगा चालू असेल. पालखी घरी कोणत्या दिवशी येणार आहे ते कळवा. सलग दुसरे वर्ष मी नाही, आणि आजोबा गेल्यानंतरचा हा पहिला शिमगा आहे, हे मला समजते. मी तेव्हाही आले नव्हते. आईने माझ्या नावाने नारळ ठेवावा.

पैशांविषयी: फेब्रुवारीत पंधरा हजार कमी पाठवले, ते पोशाख आणि जुनी फळी घेतल्यामुळे, गाडीच्या दुरुस्तीमुळे नव्हे. सोसायटीच्या हप्त्यासाठी या महिन्यात ते भरून पंच्याऐंशी हजार पाठवले आहेत. अण्णांनी फवारणीचा खर्च त्यातूनच करावा, कलमांवर कर्ज आणखी वाढवू नये. मे महिन्यात रजा मिळत नाही, म्हणून आंब्याला येणे जमणार नाही. गणपतीला निश्चित येते, तिकीट काढले आहे. परतीचेही काढले आहे, ते येथेच सांगून टाकते.

चिपळूणच्या स्थळाकडून विचारणा आली असल्याचे आईने सांगितले. मुलाचा फोटो पाहिला, मुलगा चांगला वाटतो, माझी बोलायला हरकत नाही. परंतु निखिलदादाने पाठवलेला माझा फोटो त्यांनाही दाखवावा आणि भुवईवरच्या व्रणाचे खरे कारण सांगावे. लग्नानंतर हे सोडशील ना, असे त्यांनी विचारले तर उत्तर तुम्ही देऊ नका, मी स्वतः त्यांच्याशी बोलेन. तोवर होकार कळवू नये, एवढीच विनंती.

आजीच्या गुडघ्याचे तेल संपले असेल तर लगेच आणावे. तिच्या गोळ्या रात्रीच्या जेवणानंतर द्यायच्या आहेत, आधी नव्हे.

तुमची,
वैदेही

ता. क. अण्णा, आजोबांची भरतीच्या वेळा लिहिलेली निळी वही कपाटात असेल तर जपून ठेवा. गणपतीत मला ती पाहायची आहे.