कोतवाल: शहरातला आणि गावातला

महोदय,

कोतवालांचे पदनाम आता ‘महसूल सेवक’ झाले. त्यानिमित्ताने जे लिहून येते, त्यात पेशवाईतला पुण्याचा कोतवाल हाच आजच्या गावकोतवालाचा पूर्वज ठरवला जातो. ते बरोबर नाही.

कोट राखणारा तो कोटपाल. कोतवाल हे रूप फारसी राज्यकारभारातून रुळले. पुण्याच्या कोतवालाकडे बंदोबस्त, बाजारभाव, घरजागांच्या खरेदीविक्रीवर देखरेख आणि शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद अशी कामे होती. घाशीराम 1777 ते 1791 याच पदावर होता.

पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांत निरोप पोचवणे, राखण, सरकारी बोलावणी ही कामे महार, रामोशी वतनदार करीत. 1958 च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली आणि त्यांच्या कामांसाठी मानधनावर कोतवाल आले. दवंडी, नोटिसा, पंचनाम्याला हजेरी, तलाठ्याला वसुलीत मदत हे त्यांचे काम. तेव्हा इकडच्या जुन्या फेरफारात (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत) कोतवालाची जमीन शोधून हाती काही लागत नाही. तिथे ‘महार वतन’ किंवा ‘इनाम वर्ग 6 ब’ (सरकारी कामे करणाऱ्या कनिष्ठ गावनोकरांची वतने) हेच पाहावे लागते.

विदर्भाची गोष्ट निराळी. मध्य प्रांतात गावराखणदाराला इंग्रजी अमलातच कोतवाल किंवा कोतवार म्हणत. जन्ममृत्यूची वर्दी तो देई. जातीसकट झालेली ही नोंद म्हणजे ‘कोतवाल बुक’. जातपडताळणीत तिला वजन आहे. इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, तो अनेकांना इथेच मिळतो. पश्चिम महाराष्ट्रात हेच काम गाव नमुना 14 ही जन्ममृत्यूची नोंदवही करते.

कोतवाल बुकाच्या नकलेसाठी अर्ज करताना मुलाचे नाव देऊन भागत नाही. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. गाव, वर्ष आणि बापाचे नाव द्यावे. जन्माच्या वेळी गाव ज्या तहसिलीत होते तिथलाही अभिलेख कक्ष पाहावा. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली जन्मतारीख बहुधा जुळत नाही. म्हणून वंशावळ आणि भावंडांच्या नोंदी सोबत जोडाव्यात, नाहीतर प्रकरण त्रुटीत अडकते.

पदनाम बदलले त्याला हरकत नाही, पण स्कॅन केलेल्या अभिलेखांच्या सूचीत ‘कोतवाल बुक’ हे शीर्षक आहे तसेच ठेवावे. तिथे ‘महसूल सेवक नोंदवही’ असे झाले, तर अर्जदाराला आणि नवीन कारकुनालाही ते सापडणार नाही.

– एक वाचक