व्हिडिओ लायब्ऱ्या गेल्या, निदान कॅसेट्स तरी वाचवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी शाळेत असल्यापासून डोंबिवलीतल्या ज्या व्हिडिओ लायब्ररीत जायचो ती बंद होऊन बरीच वर्षं झाली, तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. पण लायब्ररीवाल्या काकांनी कॅसेट्स आणि सीड्या घरी माळ्यावर ठेवल्या होत्या, आणि गेल्या महिन्यात बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा सगळं भंगारवाल्याला गेलं. मला कळेपर्यंत टेम्पो निघून गेला होता. फार वाईट वाटलं म्हणून हे पत्र.

सत्यनारायणाला किंवा गणपतीत आमच्या चाळीत वर्गणी काढून रात्रभरासाठी व्हीसीआर, कलर टीव्ही आणि तीन-चार कॅसेट्स आणायचे, पहाटेपर्यंत कोणी उठायचं नाही. काका वहीत नाव लिहून डिपॉझिट घ्यायचे, रिवाइंड न करता कॅसेट परत आणली तर सगळ्यांसमोर बोलायचे, पण आईने नाटकाची कॅसेट पाठव म्हटलं की बरोबर तिने न बघितलेलीच काढून द्यायचे.

लोक म्हणतात ओटीटीने लायब्ऱ्या मारल्या, ते मला पटत नाही. पहिला फटका नव्वदीच्या सुरुवातीला केबलने दिला, केबलवाला रात्री एक कॅसेट लावायचा आणि अख्खा एरिया बघायचा, मग भाड्याने कोण नेणार? मग व्हीसीडी आल्या, काकांनी परत पैसे घालून सगळा माल नवा भरला, तर बाहेर फुटपाथवर पायरेटेड सीड्यांचा ढीग. 2007 च्या सुमारास मोजर बेअर या सीड्या बनवणाऱ्या कंपनीने ओरिजिनल व्हीसीडीच 28 रुपयांना विकायला काढली, तिथे भाड्याचा हिशोबच संपला. 2016 मध्ये तर सगळं एकदमच झालं, जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं, जुलैमध्ये व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने, फुनाईने, उत्पादन थांबवलं आणि सप्टेंबरमध्ये जिओ आलं. नेटफ्लिक्सची स्वतःची सुरुवात अमेरिकेत पोस्टाने डीव्हीडी भाड्याने देण्यापासूनच झाली होती, तेही त्यांनी 2023 मध्ये बंद केलं.

दुकानं परत सुरू करा असं माझं म्हणणं नाही, ते होणार नाही. माझं म्हणणं मालाबद्दल आहे. काकांकडे मराठी नाटकांची रेकॉर्डिंग होती, जुने मराठी पिक्चर होते, त्यातली कितीतरी नावं मी या महिन्यात सगळ्या ॲपवर शोधली, युट्युबवर शोधली, मिळाली नाहीत. ॲपवर तेच राहतं ज्याचे हक्क कंपनीने घेतलेत, आणि करार संपला की तेही जातं. कॅसेट तर आपल्या दमट हवेत बुरशी धरते, टेपवर पांढरे डाग पडतात, आणि मग ती लावली तर व्हीसीआरचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, तेपण खराब होतं. म्हणजे जे काही माळ्यांवर पडलंय त्याला फार वर्षं नाहीत.

पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि त्यांचं काम मोठं आहे, पण गावोगावच्या माळ्यांवर ते कसे पोचणार? आपल्याकडे 1967 च्या कायद्याखाली अनुदान मिळणारी सार्वजनिक वाचनालयं आहेत, त्यांनी एक कपाट आणि एक वही एवढं तरी करावं, कोणाकडे काय आहे त्याची नुसती यादी झाली तरी खूप. हक्क निर्मात्यांचेच आहेत, कॉपी वाटा असं मी म्हणत नाही, निर्मात्यांना विचारून डिजिटल करता येईल, आणि कितीतरी निर्मात्यांकडे स्वतःचीच प्रत उरली नसेल असं मला वाटतं.

माझ्याकडे चालू स्थितीतला व्हीसीआर आहे, हेड मी स्वतः साफ करतो. कुठलंही वाचनालय हे काम सुरू करणार असेल तर मी तो द्यायला तयार आहे, रविवारी येऊन बसेनही.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)