रंग ताजा, भिंती ओल्या

मा. संपादक,

पणजीतल्या फोंताईन्हास या जुन्या पोर्तुगीजकालीन वस्तीला नवी झळाळी आल्याचं कौतुक हल्ली वारंवार वाचायला मिळतं. ते खोटं नाही, मी शेजारच्याच मळा या वाड्यात राहतो. एकेकाळी कौलं घसरलेल्या, कुलूपबंद घरांत आता पाहुणे उतरतात. लग्नाआधीच्या फोटोंसाठी लोकांच्या पायऱ्यांवर न विचारता ठाण मांडणाऱ्या जोडप्यांबद्दल बरंच लिहून झालंय, त्यात भर घालत नाही. मला बोलायचंय ते रंगाबद्दल.

अठराव्या शतकाच्या अखेरीस आंतोनियो जुआंव द सिक्वेरा यांच्या माडांच्या बागायतीत ही वस्ती उभी राहू लागली आणि १८४३ मध्ये पणजी राजधानी झाल्यावर दाटली. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, गिलावा चुन्याचा. पोर्तुगीज अमलात पावसाळा सरला की घर रंगवावंच लागे. पांढरा रंग चर्च-कपेलांचा. घरांना निळा, पिवळा, नाहीतर गेरूचा. रंग म्हणजे काय, तर चुन्यात कालवलेली नीळ किंवा पिवडी. पावसात तो धुपायचाच, म्हणून दर वर्षी नवा हात. पण भिंतीत मुरलेली ओल त्यातून वाळून जायची.

चार वर्षांपूर्वी आमच्या दर्शनी भिंतीचा जुना गिलावा खरवडून ठेकेदाराने सिमेंट थापलं, वर प्लास्टिक पेंट. ‘दहा वर्षं बघायला नको,’ म्हणाला. दुसऱ्याच पावसाळ्यात आतून पलंगाच्या उंचीपर्यंत ओल चढली. टिचकी मारली की भिंत पोकळ वाजायची. मे महिन्यात, भर उन्हाळ्यात, एक पोपडा काढून पाहिला तर मागचा चिरा ओलाच, नखाने भुगा होणारा. बाहेरून मात्र भिंत फोटोत झकास यायची!

चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधण्यात दोन महिने गेले. भेटले ते बहात्तर वर्षांचे. हाताखाली नातू, तोही सुट्टीच्या दिवशी येणारा. चुना मळून, मुरवून ठेवायलाच त्यांनी इतके दिवस घेतले की शेजारी विचारू लागले, काम बंद पडलं का?

माझी मागणी मोठी नाही. अशा जुन्या घरांच्या दुरुस्तीला परवाना देताना गिलावा कशाचा, हे महापालिकेने पाहावं. चुना वापरणाऱ्याला घरपट्टीत थोडी सूट द्यावी. आणि आयटीआयची चार मुलं अशा गवंड्यांच्या हाताखाली पाठवावीत, तीही लवकर. आमच्या गवंड्यांनी यंदाच्या पावसानंतर यायचं कबूल केलंय, गुडघे चालले तर.

– एक रहिवासी, मळा, पणजी